कंपनीतल्या सर्व्हरांची नावं आणि आतलं डोमेन नव्याने ठरवायचं आहे. रचना कशी करावी?

सर्व्हररूम_चाकण | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आयटी सांभाळतो. मुख्य कारखाना चाकणला, दुसरा वाळूजला, तिसरा गोकुळ शिरगावला. सगळे मिळून ८४ सर्व्हर, बहुतेक व्हर्च्युअल. पुढच्या तिमाहीत हार्डवेअर बदलतंय आणि त्यानिमित्ताने नावांची घडी नव्याने बसवायला परवानगी मिळाली आहे. अशी संधी वारंवार येत नाही, म्हणून काही ठरवण्याआधी इथे विचारतोय.

आज आमच्या सर्व्हरांना किल्ल्यांची नावं आहेत. रायगड, राजगड, तोरणा, प्रतापगड, पन्हाळा. दहा-बारा यंत्रं होती तोवर सगळ्यांना पाठ होती आणि सगळ्यांना आवडायचीही. मग यंत्रं वाढली, वासोटा आणि कोरीगडही संपले. वाळूजच्या सर्व्हरांना कुणीतरी गावाच्या नावावरून 'एयूआर' लावून आकडे दिले. टेस्टिंगची यंत्रं 'टेस्ट', 'टेस्टन्यू', 'टेस्टन्यू२' अशी आहेत. त्यातलं 'टेस्टन्यू' गेली चार वर्षं खऱ्या डिस्पॅचच्या कामाला आहे.

फेब्रुवारीत काय झालं ते सांगतो. रात्री सव्वादोनला फाइल सर्व्हर अडकला. त्याचं नाव रायगड. मी घरून फोनवर सहकाऱ्याला म्हणालो, "रायगड रीस्टार्ट कर." तो शॉप फ्लोअरवर उभा, मागे कंप्रेसर चालू. त्याने ऐकलं 'राजगड'. राजगडावर ईआरपीचा, म्हणजे कंपनीचा माल आणि हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डेटाबेस आहे. रोमनमध्ये लिहिलं तर दोन्ही नावांत एका अक्षराचा फरक, स्क्रीनवरही त्याला शंका आली नाही. तिसऱ्या पाळीचं डिस्पॅच पन्नास मिनिटं थांबलं, गेटवर सात ट्रक उभे. त्या मुलाला मी दोष देत नाही. दोन महत्त्वाच्या यंत्रांना इतकी सारखी नावं देणं हेच चुकलं होतं.

आतलं डोमेन, म्हणजे सगळ्या सर्व्हरांच्या नावामागे लागणारा सामायिक भाग, 'कंपनी.लोकल' असं आहे. बाहेरचं, वेबसाइट आणि मेलचं, 'कंपनी.को.इन' धरा (खरं नाव देत नाही, आणि सोयीसाठी सगळी नावं देवनागरीत लिहितोय). माझे प्रश्न: लोकल ठेवावं की बदलावं? नावात गाव घालावं का? कारखान्यागणिक वेगळं सबडोमेन करावं का?

---

जुनी_केबल | रविवार, रात्री ११:०२

सर्वात आधी एक तपासा. कंपनी.को.इन कोणाच्या नावावर आहे? जमीन घेताना सातबारा बघतो, तसा डोमेनचा व्हूइज (मालकीची जाहीर नोंद) बघा. रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) खात्याचा ईमेल कोणाचा आहे, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो, मुदत कधी संपते. आमच्या एका जुन्या ग्राहकाचं डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याने स्वतःच्या जीमेलवर घेतलं होतं. पुढे त्याचा धंदा बंद पडला. डोमेन सोडवून आणायला पाच महिने लागले आणि तेवढा काळ रिन्युअलची तारीख जवळ आली की सगळ्यांच्या पोटात गोळा यायचा. तुम्ही आता या एका नावाखाली ८४ सर्व्हर टांगणार आहात, तेव्हा खुंटी पक्की आहे ना हे आधी बघा. खात्यावर कंपनीचा सामायिक ईमेल घाला, आणि तो ईमेल याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं तर तो मेलही मिळणार नाही.

आता लोकलविषयी. बदला. एके काळी मायक्रोसॉफ्टच्या छोट्या ऑफिससाठीच्या सर्व्हरमध्ये हेच नाव सुचवलं जायचं, त्यामुळे भारतभर हजारो कंपन्यांत ते बसलं आहे. पण २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीचे क्रमांकित दस्तऐवज) 'लोकल' हे नाव मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलं (डीएनएस म्हणजे यंत्राच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी व्यवस्था). म्हणजे मॅक किंवा अवाही (मल्टिकास्ट डीएनएसचं सॉफ्टवेअर) चालू असलेलं लिनक्स यंत्र 'राजगड.कंपनी.लोकल' हे नाव तुमच्या डीएनएस सर्व्हरला विचारण्याऐवजी आजूबाजूच्या सगळ्या यंत्रांना ओरडून विचारतं, २२४.०.०.२५१ या पत्त्यावर. उत्तर येत नाही, पाच सेकंद जातात, मग कधी पुढे सरकतं, कधी नाही. "मॅकवर ईआरपी स्लो आहे" अशा तक्रारी येत असतील तर त्यातल्या काहींचं मूळ इथे सापडेल.

दुसरं कारण सर्टिफिकेटचं, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्याचं. सार्वजनिक प्रमाणपत्र संस्थांनी आतल्या नावांना सर्टिफिकेट देणं थांबवलं, १ नोव्हेंबर २०१५ नंतर मुदत संपणारी देईनात, आणि १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत उरलेली रद्द केली. म्हणजे कंपनी.लोकलला ब्राउझर मान्य करेल असं सर्टिफिकेट बाहेरून मिळणारच नाही.

---

सर्व्हररूम_चाकण | रविवार, रात्री ११:२०

मॅकची तक्रार डिझाइन विभागाकडून दर आठवड्याला येते! मी दोनदा वायफाय बदललं त्यासाठी.

डोमेन मालकांच्या पुतण्याच्या ईमेलवर आहे, आत्ताच पाहिलं. उद्या हे पहिलं काम.

लोकल सोडून 'कंपनी.कॉर्प' किंवा 'कंपनी.लॅन' असं काही घेतलं तर? बाहेर असलं डोमेन नाहीच, मग भांडण कशाचं?

---

मोगरा | सोमवार, सकाळी ७:४८

आज नाही, उद्या येऊ शकतं, भांडण त्याचंच आहे. 'डॉट देव'चं (डी-ई-व्ही, डेव्हलपरचं लघुरूप) उदाहरण घ्या. डेव्हलपर मंडळी वर्षानुवर्षं आपल्या लॅपटॉपवर हे नाव वापरत होती. मग ते खरं टॉप लेव्हल डोमेन झालं, गूगलकडे गेलं, आणि २०१७ च्या शेवटी क्रोमने त्याखालच्या प्रत्येक नावाला एचटीटीपीएस सक्तीचं केलं. आदल्या दिवशी चालणाऱ्या साइट दुसऱ्या दिवशी उघडेनात.

कॉर्पची गोष्ट तर याहून मोठी. पूर्वी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (विंडोजमधली वापरकर्ते, यंत्रं आणि लॉगिन सांभाळणारी व्यवस्था) मांडणीत 'कॉर्प' हे नुसतं नाव अनेकांनी तसंच ठेवलं. ऑफिसात असताना ठीक. लॅपटॉप घेऊन माणूस हॉटेलात गेला की तो 'कॉर्प'च्या मागे 'कॉम' जोडून बाहेरच्या इंटरनेटवर कॉर्प.कॉम शोधायचा. ते डोमेन एका अमेरिकन गृहस्थांकडे १९९४ पासून होतं. २०१९ मध्ये संशोधकांनी तिथे येणारी वाहतूक तपासली, तर पावणेचार लाखांहून जास्त विंडोज यंत्रं आपली माहिती तिकडे पाठवू पाहत होती. मालकांनी १७ लाख डॉलर मागितले होते. एप्रिल २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं, कुणा भलत्याच्या हाती पडू नये म्हणून.

इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅनने २०२४ मध्ये 'इंटर्नल' हे नाव खासगी वापरासाठी कायमचं राखून ठेवलं आहे, त्यामुळे 'कंपनी.इंटर्नल' घेतलंत तर वरचा धोका नाही. पण सार्वजनिक सर्टिफिकेट त्यालाही मिळणार नाही, आणि उद्या दुसरी कंपनी तुमच्यात विलीन झाली आणि त्यांचंही तसलंच नाव निघालं तर पंचाईत. माझं मत स्पष्ट आहे: जे डोमेन तुमच्या मालकीचं आहे त्याखालीच आतलं सबडोमेन काढा. नेट.कंपनी.को.इन. जगात दुसऱ्या कुणाला ते नाव घेता येणार नाही.

---

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ९:१०

मोगराताईंशी सहमत. फक्त सबडोमेनच घ्या, थेट कंपनी.को.इन हे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं नाव करू नका. आमच्याकडे तसं आहे आणि रोज त्रास होतो. नुसतं कंपनी.को.इन टाइप केलं की आतल्या लोकांना वेबसाइटऐवजी डोमेन कंट्रोलरचा (ही डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता मिळतो, कारण अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ते नाव स्वतःकडे घेते. शिवाय बाहेरच्या डीएनएसमधली प्रत्येक नोंद आत हाताने पुन्हा करावी लागते. मार्केटिंगने नवीन मायक्रोसाइट काढली की घरून सगळ्यांना दिसते, ऑफिसातून दिसत नाही. आणि दोष नेटवर्कवाल्यांना.

---

सर्व्हररूम_चाकण | सोमवार, दुपारी १:३५

पटलं. मग मी असं मांडलंय, बघा. जागेप्रमाणे सबडोमेन:

डीबी०१.पुणे.नेट.कंपनी.को.इन
डीबी०१.औरंगाबाद.नेट.कंपनी.को.इन
डीबी०१.कोल्हापूर.नेट.कंपनी.को.इन

गावाच्या नावावर मात्र अडलोय. वाळूजच्या अकरा सर्व्हरांना 'एयूआर' आहे. २०२३ ला शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. गेटवरची पाटी, लेटरहेड, इनव्हॉइस सगळं बदललं. तिथले व्यवस्थापक म्हणतात सर्व्हरांचंही बदला, आणि मला त्यांचं म्हणणं योग्य वाटतं. पण आता नवीन नाव घातलं आणि पुन्हा काही बदललं तर?

---

जुनी_केबल | सोमवार, दुपारी २:२०

गावाचं नाव लोकांच्या भावनेचं असतं, ते बदलतं आणि बदलल्यावर सगळीकडे बदलावंही लागतं. म्हणून ते यंत्राच्या नावात घालूच नये. विमानतळाची तीन अक्षरं घ्या. जगभरची डेटा सेंटरं हेच करतात. बॉम्बेचं मुंबई १९९५ मध्ये झालं, विमानतळाचा कोड आजही बीओएम आहे. पुणे पीएनक्यू, कोल्हापूर केएलएच. आणि तुमच्या वाळूजजवळचा विमानतळ आयएक्सयू. त्या तीन अक्षरांत जुनं नावही नाही आणि नवंही नाही, कुणाला आक्षेप घ्यायला जागा नाही.

एका कोडखाली दोन कारखाने आले तर? उद्या रांजणगावला शेड टाकली तर तीही पीएनक्यू. म्हणून आजपासूनच पीएनक्यू१ असा आकडा लावून ठेवा. चाकण पीएनक्यू१, पुढचं पीएनक्यू२.

---

मोगरा | सोमवार, दुपारी ३:०५

कोड उत्तम. पण वरच्या मांडणीत मोठी चूक आहे, सर्व्हररूम दादा. तिन्ही ठिकाणी डीबी०१ आहे. टर्मिनल उघडलं की प्रॉम्प्टवर काय दिसतं? पहिल्या ठिपक्यापर्यंतचं नाव, म्हणजे नुसतं 'डीबी०१'. अलर्टच्या मेसेजमध्येही बहुधा तेवढंच. रात्री सव्वादोनला सहकाऱ्यासमोर तीन खिडक्या उघड्या असतील आणि तिन्हींवर डीबी०१ लिहिलेलं असेल. रायगड-राजगडची रात्र पुन्हा येईल, फक्त किल्ले नसतील.

पहिला शब्दच सगळ्या कंपनीत एकमेव हवा. विंडोजची यंत्रं एकाच अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत असतील तर तो तसा असावाच लागतो. आणि १५ अक्षरांत बसला पाहिजे, कारण नेटबायोसच्या (विंडोजच्या जुन्या नाव-पद्धतीच्या) नावात तेवढीच जागा आहे, सोळावी सेवेच्या प्रकारासाठी ठेवलेली असते. डीएनएसचा एक शब्द ६३ अक्षरांपर्यंत चालतो, पण विंडोजमुळे आपल्याला पंधराच धरायचे.

पीएनक्यू१-डीबी-०१. जागा, काम, क्रमांक. रोमनमध्ये मोजा, दहा अक्षरं. अंडरस्कोअर नको, यंत्राच्या नावात तो नियमबाह्य आहे आणि सर्टिफिकेटमध्येही चालत नाही. नुसती आडवी रेघ.

---

रात्रपाळी | सोमवार, दुपारी ४:४०

मग किल्ले सगळेच जाणार? वाईट वाटतंय. आरएफसी ११७८, १९९० ची, यंत्रांना नावं कशी द्यावीत यावरच आहे, आणि त्यात एका सूत्रातली नावं घ्या असंच म्हटलंय. कामावरून नाव देऊ नका, काम बदलतं, हाही सल्ला त्यातच आहे. तुमचं 'टेस्टन्यू' आज डिस्पॅच चालवतंय, त्यावरून तो खराच ठरतो.

---

जुनी_केबल | सोमवार, सायंकाळी ६:१५

रात्रपाळींचा मुद्दा मोलाचा आहे, आणि सगळ्या रचनेचा कणा त्यातच आहे. यंत्राचं नाव वेगळं आणि कामाचं नाव वेगळं ठेवायचं. ही दोन नावं एकच केली म्हणून तुमच्याकडे घोटाळा झाला.

यंत्राचं नाव फक्त आयटीच्या माणसांसाठी. पीएनक्यू१-डीबी-०१.नेट.कंपनी.को.इन. ते यंत्र जन्माला आल्यापासून भंगारात जाईपर्यंत हेच. त्याचं काम बदललं तर नाव बदलू नका, नवं व्हर्च्युअल यंत्र उभं करा आणि जुनं काढून टाका. १९९० मध्ये यंत्र लाखो रुपयांचं असायचं, त्याला दहा कामं करायला लागायची. आज दहा मिनिटांत नवं मिळतं. म्हणून कामाचा संक्षेप नावात घातला तरी आता चालतो.

कामाचं नाव वापरणाऱ्यांसाठी आणि प्रोग्रामसाठी. ईआरपी.अ‍ॅप.कंपनी.को.इन, फाइल्स.अ‍ॅप.कंपनी.को.इन. ही सीनेम नोंद, म्हणजे डीएनएसमधलं टोपणनाव, आज पीएनक्यू१-डीबी-०१ कडे बोट दाखवते, उद्या ०२ कडे दाखवेल. कुठल्याही कॉन्फिग फाइलमध्ये, ओडीबीसीच्या (डेटाबेसशी जोडणाऱ्या) सेटिंगमध्ये, एक्सेलच्या लिंकमध्ये यंत्राचं नाव लिहायचं नाही. कामाचंच लिहायचं. हा एक नियम पाळलात तर पुढचं हार्डवेअर बदलताना वापरणाऱ्यांच्या एकाही पीसीला हात लावावा लागणार नाही.

किल्ल्यांचं म्हणाल, तर मीटिंग रूमना द्या ती नावं. तिथे शोभतील आणि फोनवर गोंधळ झाला तर फार तर माणूस चुकीच्या खोलीत जाईल.

---

सर्व्हररूम_चाकण | सोमवार, रात्री ९:३०

सीनेमचं वाचून अंगावर काटा आला. राजगड हे नाव कुठे कुठे लिहिलेलं आहे याची यादी करायला बसलो, एका संध्याकाळीत ३१ जागा सापडल्या. लेबल प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्येही आहे.

म्हणजे जागेचं सबडोमेन नकोच? सगळे एकाच 'नेट' झोनमध्ये (डीएनएस नोंदींच्या एकाच यादीत)?

---

मोगरा | मंगळवार, सकाळी ७:३०

८४ सर्व्हरांना एक झोन पुरे. नवीन झोन तेव्हाच काढा जेव्हा तो सांभाळणारे हात वेगळे असतील. वाळूजला स्वतंत्र टीम असती आणि त्यांनी आपल्या नोंदी आपण करायच्या असत्या, तर आयएक्सयू१.नेट काढून त्यांच्याकडे सोपवलं असतं. तुमच्याकडे तिन्ही ठिकाणच्या नोंदी तुम्हीच करता. मग कशाला पातळी वाढवायची?

प्रत्येक पातळीची किंमत सर्टिफिकेटमध्ये मोजावी लागते. वाइल्डकार्ड, म्हणजे अनेक नावांना चालणारं एकच सर्टिफिकेट, फक्त एक पातळी झाकतं. 'तारा.अ‍ॅप.कंपनी.को.इन'चं सर्टिफिकेट ईआरपी.अ‍ॅपला चालतं, पण ईआरपी.पीएनक्यू१.अ‍ॅपला चालत नाही. (तारा म्हणजे चांदणीचं चिन्ह.)

टेस्टिंग मात्र वेगळं काढा, यूएटी.कंपनी.को.इन. 'अ‍ॅप'च्या खाली नको. वरच्या डोमेनसाठी लावलेली कुकी (ब्राउझरमध्ये राहणारी लॉगिनची खूण) खालच्या सगळ्या नावांना मिळते. टेस्टिंगचं अर्धवट सुरक्षित यंत्र आणि खरी ईआरपी एकाच छपराखाली असू नयेत.

---

काळा_टर्मिनल | मंगळवार, सकाळी १०:५०

वाइल्डकार्ड घ्याच, आणखी एका कारणाने. सार्वजनिक सर्टिफिकेट दिलं की त्यातली नावं सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या नोंदवहीत जातात, ती कुणालाही वाचता येते. एप्रिल २०१८ च्या अखेरीपासून क्रोम त्या नोंदीशिवाय नवं सर्टिफिकेट मानतच नाही. 'पगार.अ‍ॅप', 'टेंडर.अ‍ॅप', 'व्हीपीएन-जुना.अ‍ॅप' असं एकेक सर्टिफिकेट घेतलंत तर तुमच्या आतल्या सगळ्या व्यवस्थेचा नकाशा बाहेर टांगल्यासारखा होतो. वाइल्डकार्डमध्ये फक्त तारा दिसतो.

आणि नूतनीकरण हाताने करायचं स्वप्नही बघू नका. १५ मार्च २०२६ पासून सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस, २०२७ मध्ये १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस असं ठरलेलं आहे. लेट्स एन्क्रिप्टचं वाइल्डकार्ड डीएनएसच्या पडताळणीनेच मिळतं, बाहेरच्या डीएनएसमध्ये एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद ठेवावी लागते. तेव्हा बाहेरचा डीएनएस पुरवणारा एपीआय (प्रोग्रामने नोंदी बदलायची सोय) देतो का, हे आत्ताच विचारा. आतल्या सर्व्हरचे पत्ते बाहेर टाकायची गरज नाही, फक्त ती नोंद.

कुबर्नेटीस (अनेक यंत्रांच्या क्लस्टरवर प्रोग्राम चालवणारी प्रणाली) आणणार असाल तर क्लस्टरच्या आतलं नाव डीफॉल्टने 'क्लस्टर.लोकल' येतं. ते क्लस्टरच्या आतच राहतं, त्याला हात लावला नाहीत तरी चालेल.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १२:१५

नावं ठरली, पण उत्तर देणारा सर्व्हर कुठे बसणार तेही ठरवा. आमच्या मागच्या कंपनीत डीएनएस फक्त मुख्य ऑफिसात होता. पावसाळ्याआधी गटाराचं खोदकाम सुरू झालं, जेसीबीने फायबर तोडली. दूरच्या कारखान्यात लेबल छापणारा सर्व्हर त्याच इमारतीत, प्रिंटरही त्याच इमारतीत, दोघांमध्ये तीस मीटर केबल. पण प्रिंटरवाल्या पीसीला सर्व्हरचा पत्ता विचारायला शंभर किलोमीटरवर जावं लागायचं. माल तयार, लेबल नाही, गाडी हलेना. सुपरवायझरने शेवटी होस्ट्स फाइलमध्ये (पीसीवरच्याच नाव-पत्त्यांच्या यादीत) पत्ता लिहिला, आणि ती ओळ पुढे तीन वर्षं तशीच राहिली. सर्व्हर बदलल्यावर तिने पुन्हा एक दिवस खाल्ला.

प्रत्येक कारखान्यात डीएनएसची यंत्रं दोन, आणि झोनची पूर्ण प्रत तिथेच.

---

जुनी_केबल | मंगळवार, दुपारी १:००

अगदी बरोबर. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक साधारण सहा तास बंद होतं. नेटवर्कच्या एका चुकीच्या आदेशाने त्यांचे डीएनएस सर्व्हर जगापासून तुटले, आणि दुरुस्तीला लागणारी त्यांची आतली साधनंही त्याच नावांवर अवलंबून होती. म्हणून स्विच, फायरवॉल, हायपरव्हायझर (व्हर्च्युअल यंत्रं चालवणारे) आणि डीएनएस यंत्रं यांचे आयपी पत्ते छापून लॅमिनेट करून प्रत्येक सर्व्हररूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. नावं बंद पडली तर आकड्यांनी आत जाता आलं पाहिजे.

आता उलट दिशा, पत्त्यावरून नाव. आयपीची मांडणी कशी आहे?

---

सर्व्हररूम_चाकण | मंगळवार, रात्री ८:४५

सगळीकडे १९२.१६८, जिथे जशी जागा मिळाली तशी. नवीन मांडणीत १०.२०.०.० ते १०.२०.२५५.२५५ चाकण, १०.३० वाळूज, १०.४० गोकुळ शिरगाव असं योजलंय.

---

जुनी_केबल | मंगळवार, रात्री ९:२०

छान. रिव्हर्स झोन ठिपक्यांवर कापला जातो, त्यामुळे अशी दुसऱ्या आकड्यावर जागा ठरवली की प्रत्येक कारखान्याचा एक रिव्हर्स झोन सरळ होतो: २०.१०.इन-अ‍ॅडर.अर्पा चाकणचा. उलटं लिहायचं हे लक्षात ठेवा. पीटीआर (पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या) नोंदी केल्या की फायरवॉलच्या लॉगमध्ये आकड्यांऐवजी नावं वाचता येतात. रिव्हर्स झोन आत ठेवला नाही आणि तुमच्या डीएनएस सॉफ्टवेअरने स्वतःहून अडवलं नाही, तर १० च्या पत्त्यांचे प्रश्न बाहेर इंटरनेटवर जातात. तिकडे ते झेलायला एएस११२ नावाचे खास सर्व्हर जगभर ठेवावे लागले आहेत. आपल्या घरातले प्रश्न घरात राहिलेले बरे.

बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये झोन फाइल हाताने लिहिणार असाल तर दोन गोष्टी. पूर्ण नावाच्या शेवटी ठिपका. तो राहिला तर बाइंड मागे झोनचं नाव पुन्हा जोडतं आणि 'पीएनक्यू१-डीबी-०१.नेट.कंपनी.को.इन.नेट.कंपनी.को.इन' असं शेपूट तयार होतं. फाइल बिनचूक दिसते, नाव सापडत नाही, माणूस तासभर फायरवॉल तपासतो. आणि प्रत्येक बदलानंतर सीरियल क्रमांक वाढवा. तो वाढला नाही तर वाळूज आणि गोकुळ शिरगावच्या प्रती जुनंच उत्तर देत राहतात, तुमच्या चाकणला मात्र सगळं ठीक दिसतं.

---

सर्व्हररूम_चाकण | मंगळवार, रात्री १०:००

शेवटचा प्रश्न. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी कंपनी.लोकल वरच आहे, ९०० वापरकर्ते. तीही बदलायची?

---

मोगरा | बुधवार, सकाळी ७:२०

इथे घाई नको. डोमेनचं नाव बदलायचं साधन मायक्रोसॉफ्ट देतं, पण आपल्या आवारात एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) असेल तर हा बदल त्यांना मान्यच नाही, आणि इतर बरीच सॉफ्टवेअरं मोडतात. स्वच्छ मार्ग म्हणजे एडी.कंपनी.को.इन अशी नवी डिरेक्टरी उभी करून माणसं एकेक विभागाने तिकडे नेणं. ९०० लोकांचं ते वर्षभराचं काम आहे. सर्व्हरांच्या नावांबरोबर ते करू नका.

तोपर्यंत एक सोपी सोय: जुन्या डिरेक्टरीत कंपनी.को.इन हा दुसरा यूपीएन सफिक्स (लॉगिनच्या नावातला @ नंतरचा भाग) जोडा. लोक आपल्या ईमेलनेच लॉगिन करतील, लोकल त्यांच्या नजरेआड होईल. ऑफिस ३६५ ला जायचं असेल तर हे नाहीतरी करावं लागतंच.

आणि बदलाच्या तीन-चार दिवस आधी जुन्या नोंदींचा टीटीएल (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा. आज एक दिवसाचा असेल तर काही पीसी रविवारी केलेला बदल सोमवारी दुपारपर्यंत मानणार नाहीत.

---

सर्व्हररूम_चाकण | अकरा आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ११:४०

मंडळी, काय झालं ते सांगायला आलोय.

डोमेन आता कंपनीच्या नावावर आहे. मालकांचे पुतणे स्वतः येऊन बसले, सगळे ओटीपी दिले, त्यांचे खरंच आभार.

नेट, अ‍ॅप आणि यूएटी असे तीन झोन. तिन्ही कारखान्यांत डीएनएसची दोन-दोन यंत्रं. ७९ सर्व्हर नव्या नावांवर गेले, पाच कायमचे बंद केले. राजगडचं काम पीएनक्यू१-डीबी-०३ वर आलं. बदल गेल्या रविवारी पहाटे चार वाजता केला. ईआरपी.अ‍ॅपची नोंद बदलली, डिझाइन विभागाचा मॅक उघडला, लॉगिनचं पान लगेच आलं. पाच सेकंद मोजायला मनात सुरुवात केली होती, दोनपर्यंतही पोचलो नाही.

ज्या सहकाऱ्याने त्या रात्री चुकीचा सर्व्हर बंद केला होता, सगळ्या नावांची यादी त्यानेच केली. प्रत्येक नाव त्याने कंप्रेसरशेजारी उभं राहून मला फोनवर वाचून दाखवलं. 'डीबी' आणि 'टीपी' सारखं ऐकू येत होतं, म्हणून टीपी काढून 'लेबल' केलं. ही तपासणी मला सुचली नसती.

जुनी किल्ल्यांची नावं लगेच काढली नाहीत. ती नव्या यंत्रांकडे वळवून ठेवली आहेत आणि डीएनएसच्या लॉगमध्ये कोण विचारतंय ते रोज बघतो. पहिल्या दिवशी २१२ यंत्रं विचारत होती, आज चार. तीन अकाउंट्समधले पीसी आहेत, एक्सेलच्या जुन्या लिंक. चौथं गोकुळ शिरगावच्या गेटवरचं हजेरीचं मशीन, दर तीस सेकंदांनी 'तोरणा' विचारतंय. त्याचा पासवर्ड बसवणाऱ्यालाच माहीत होता, तो कालच सापडला. मंगळवारी जाऊन बदलतो, मग तोरण्याची नोंद काढतो.

---

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ६:५५

आणि मीटिंग रूम?

---

सर्व्हररूम_चाकण | सोमवार, सकाळी ८:१०

सहा रूम, सहा पाट्या लागल्या. रायगड तळमजल्यावर, राजगड तिसऱ्या मजल्यावर.